खासगीची थैली, दौलतीची थैली : अहिल्याबाईंचा कारभार

नर्मदातीर

गेल्या हिवाळ्यात तीन दिवस महेश्वरला होते. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं, आज जमलं.

किल्ल्यात होळकरांचा वाडा आहे. राजवाडा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं तिथे काही नाही. लाकडी खांबांची ओसरी, अंगण आणि एका बाजूला गादी. पांढरी बैठक, मागे तक्क्या, एवढंच. आमच्याबरोबर गावाकडच्या एक मावशी होत्या. त्यांनी गादीपुढे डोकं टेकवलं आणि विचारलं, "इथं बसून पूजा करायच्या का त्या?" मी म्हटलं, "नाही मावशी, देवघर पलीकडे. इथे बसून त्या हिशेब बघायच्या, फिर्यादी ऐकायच्या."

मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो एकट्या मावशींचा नाही. ३१ मे २०२५ ला अहिल्याबाई होळकरांची तीनशेवी जयंती झाली. गावोगाव फलक लागले, भाषणं झाली. पांढरी साडी, हातात पिंड, आणि मग काशी, सोमनाथ, गया, रामेश्वर अशी देवळांची यादी. यादी खरीच आहे. पण त्या यादीसाठी पैसा कुठून आला, कोणत्या वहीत लिहिला गेला, आणि देवळं बांधत असताना रयतेवर नवा बोजा कसा पडला नाही, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते बाईंचं सगळ्यात मोठं काम तिथे आहे.

होळकरांच्या दौलतीत दोन थैल्या होत्या. एक सरकारी, म्हणजे दौलतीची. पेशव्यांनी लावून दिलेल्या सरंजामाचा, म्हणजे फौज बाळगण्यासाठी दिलेल्या मुलुखाचा, वसूल तिच्यात यायचा आणि फौज, किल्ले, कारभारी यांचा खर्च तिच्यातून व्हायचा. दुसरी खासगीची. ही अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाने १७३४ साली पेशव्यांकडून मिळालेली, सुमारे तीन लाखांच्या उत्पन्नाची. घरातल्या बाईची स्वतःची मिळकत, तिच्यावर फौजेचा हक्क नाही. गौतमाबाई १७६१ ला गेल्या आणि खासगी सुनेकडे आली.

अहिल्याबाईंनी या दोन थैल्या आयुष्यभर एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. देवळं, घाट, अन्नछत्रं, धर्मशाळा हा दानधर्म खासगीतून. फौजेचा पगार, तोफा, किल्ल्यांची डागडुजी हे दौलतीतून. फौजेचे प्रमुख तुकोजीराव होळकर स्वारीवरून पैसा मागायचे, तेव्हा बाई आधी मागच्या वसुलाचा हिशेब मागायच्या. मुलुखाचा वसूल आणि राजाच्या घरची तिजोरी यांत भेद करायचा असतो, हेच त्या काळी फार थोड्या गाद्यांवर मान्य होतं.

आता एक प्रसंग. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात कारभारावर होता. बाईंना जाऊन तेवीस-चोवीस वर्षं झाली होती, त्यांच्या हाताखाली नोकरी केलेली माणसं अजून हयात होती. त्याने त्यांना विचारून विचारून बरंच टिपून ठेवलं, त्यातला हा प्रसंग.

इंदुरात देवीचंद नावाचा मोठा सावकार वारला. मूलबाळ नव्हतं. तुकोजीरावांचा तळ तेव्हा इंदूरजवळ होता. कुणीतरी त्यांचे कान भरले की निपुत्रिकाची दौलत आहे, सरकारचा वाटा निघतो. तसा तो निघायचाही. निपुत्रिकाच्या मालमत्तेवर हात टाकणं हे तेव्हाच्या बहुतेक राज्यांत उत्पन्नाचं नेहमीचं कलम होतं. देवीचंदाची बायको उठली आणि थेट महेश्वरला आली. बाईंनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, नवऱ्याच्या घराची आणि मालमत्तेची तीच धनीण असा निवाडा दिला, तिला वस्त्रं देऊन पाठवणी केली. तुकोजीरावांना हुकूम गेला की इंदुरातून तळ हलवा, माझ्या शहराला उपद्रव देऊ नका. आणि सरसेनापतीने तळ हलवला.

हा प्रसंग दयाळूपणाचा म्हणून सांगतात, मला तो राज्यशास्त्राचा वाटतो. आपण मेल्यावर घरदार बायकोकडेच राहणार याची सावकाराला खात्री पटली की तो पैसा पुरून ठेवत नाही, पेढी काढतो. पेढ्या आल्या की हुंडी चालते, व्यापारी येतात, बाजार भरतो. इंदूर असं वाढलं.

रोजचा क्रमही माल्कमने लिहिला आहे. पहाटेच्या आधी तासभर उठणं, पूजा, पुराणश्रवण, दान, मग जेवण. थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळपर्यंत. पुन्हा दोन-तीन तास देवधर्म, हलकं खाणं, आणि रात्री नऊला परत कामाला बसायचं ते अकरापर्यंत. दरबार उघडा, पडदा नाही, फिर्यादीला समोर येता यायचं.

तुमच्याकडे जे असेल ते लिहा. गावातल्या आठवणी, वाचलेलं, पाहिलेलं, सगळं.


बखरवाचक

धागा आवडला, खूण साठवून ठेवतोय. एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे.

कारभार मोठा दाखवायचा म्हणून देवळं बाजूला सारू नका. ती देवळं हाच कारभार होता. काशी विश्वेश्वराचं देऊळ १६६९ ला पडलं. मल्हाररावांच्या मनात ते पुन्हा उभं करायचं होतं, जमलं नाही. सुनेने १७८० च्या सुमारास बांधून दाखवलं. सोमनाथला १७८३ ला जुन्या अवशेषांशेजारी नवं देऊळ उभारलं, पिंड तळघरात. आजही मोठ्या देवळाजवळ ते आहे आणि तिथे अजून पूजा होते. गयेचं विष्णुपद १७८७ चं.

काशी अवध-इंग्रजांच्या ताब्यातली, सोमनाथ भलत्यांच्या मुलुखात, गया बिहार सुभ्यात. यांतलं एकही ठिकाण होळकरांच्या हद्दीत नाही! दुसऱ्याच्या राज्यात जागा मिळवायची, गवंडी-पाथरवट लावायचे, हुंड्या पोचवायच्या, पुजाऱ्याची नेमणूक करायची, नैवेद्याचं आणि दिवाबत्तीचं उत्पन्न कायमचं बांधून द्यायचं. आणि हे सगळं महेश्वरात बसून, पत्रांवर. एकाही ठिकाणी फौज पाठवली नाही. हे मुत्सद्दी माणसाचं काम आहे.

शिवाय गंगाजळाच्या कावडी. दक्षिणेतल्या देवळांना नेमाने गंगेचं पाणी जायचं, कर्नाटकापर्यंत. दरसाल माणसं त्याच वाटेने जातात, वाटेत अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा. म्हणजे वाट राखलेली. मराठे अटकेपर्यंत गेले हे आपण अभिमानाने सांगतो. या बाईने काशी ते रामेश्वर वाट बांधली, तीही तलवार न उपसता.


नर्मदातीर

@बखरवाचक, मान्य. "बाजूला सारा" असं म्हणायचं नव्हतं, पण वाचताना तसं वाटतंय खरं. परमुलुखात बांधकाम म्हणजे वाटाघाटी, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.


निमाडी

मी महेश्वरपासून जवळच राहतो. घरात मराठी, बाहेर निमाडी-हिंदी. आमच्याकडे त्यांना नावाने कुणी बोलावत नाही, "माँ साहेब" म्हणतात.

वाड्यात सकाळी गेलात तर लिंगार्चन बघायला मिळतं. काळी माती मळून तिची बोराएवढी पार्थिव लिंगं करतात, लाकडी पाटावर ओळीने मांडतात, प्रत्येकावर तांदळाचा दाणा. पूजा झाली की सगळी नर्मदेत. बाईंनी सुरू केलेलं हे अजून रोज चालतं. मी लहानपणी आजोबांबरोबर जायचो. ती माती विसर्जनानंतर पाण्यात धूर पसरावा तशी पसरत जायची, आणि खालून मासे वर यायचे.

आता साडीबद्दल. महेश्वर राजधानी केली तेव्हा गावात काय होतं? जुना किल्ला, घाट, नर्मदा. पोट भरायला धंदा हवा. बाईंनी सुरतेहून आणि इतर ठिकाणांहून विणकर आणून वसवले, घरं दिली, माग दिले. दरबारात आलेल्या पाहुण्याला आहेर म्हणून इथलीच पागोटी, इथलीच लुगडी. पहिलं गिऱ्हाईक सरकार. म्हणून धंदा तगला. महेश्वरीचा पदर आणि काठ नीट बघा. चटई, वीट, हिरा, नर्मदेची लाट, ही सगळी नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर दिसते. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, बुगडी म्हणतात त्याला, साडी उलटसुलट कशीही नेसा.

मधे हे सगळं मोडकळीला आलं होतं. १९७८ साली होळकर घराण्यातल्याच लोकांनी रेहवा सोसायटी काढली, बायकांना मागावर बसवलं, तेव्हा पुन्हा जीव आला. आज आमच्या गल्लीत दिवसभर मागाचा खटखट आवाज असतो. मी तर त्या आवाजालाच त्यांचं स्मारक मानतो.

भिल्लांबद्दलही थोडं सांगतो, कारण ते आमच्या डोंगरातलं आहे. घाटातून जाणाऱ्या प्रवाशाकडून भिल्ल भिलकवडी नावाची पट्टी घ्यायचे. आधीच्यांनी ती लूट ठरवून फौजा पाठवल्या. बाईंनी बंडखोरांना कडक शासन केलं, पण कवडी घ्यायचा हक्क मान्य केला आणि त्याला अट जोडली, की वाटसरूचं रक्षण तुम्ही करायचं, तुमच्या हद्दीत चोरी झाली तर भरपाई तुमच्याकडून. शिवाय पडीक जमीन कसायला दिली. ज्याची भीती होती, तोच वाटेचा राखणदार झाला.


माळरान

मी जामखेड तालुक्यातला. बाईंचं जन्मगाव चौंडी आमच्यापासून लांब नाही.

इथे आता स्मारक आहे, जिल्ह्याला त्यांचं नाव आहे, दरवर्षी ३१ मेला पाय ठेवायला जागा नसते. आनंद आहे. पण मला वाटतं ते त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीबद्दल. माणकोजी शिंद्यांची लेक. धनगराचं घर, गावची पाटीलकी, आणि बापाने पोरीला लिहायला-वाचायला शिकवलेलं. १७२५ चा जन्म, १७३३ ला लग्न. आमच्या भागात आजही एखादी मुलगी शिकायला बाहेर निघाली की म्हातारी माणसं म्हणतात, "जा, चौंडीची पोर माळव्यात राज्य करून आली."

आणि मल्हाररावांबद्दल बोललंच पाहिजे. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात बाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. बाई तेव्हा तिशीच्याही आत. सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने अडवलं. तो काळ बघा, तो समाज बघा. लोकांच्या बोलण्याची पर्वा न करता त्याने सुनेला मागे ठेवली, आणि नुसती जिवंत ठेवली नाही, दौलतीच्या कामाला जुंपली. १७६५ ची पत्रं आहेत. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जाणे, चार-पाच दिवस मुक्काम करणे, मोठा तोफखाना तिथे ठेवून दारूगोळ्याची होईल तेवढी तजवीज करणे, अशा मतलबाची. सासरा सुनेला घरातल्या कुळाचाराबद्दल लिहीत नाही, तोफांबद्दल लिहितो! पुढे मल्हारराव १७६६ ला आलमपुरी वारले, वर्षाच्या आत मुलगा मालेराव गेला, आणि सगळं यांच्या अंगावर पडलं. त्या वेळी त्या नवशिक्या नव्हत्या. बारा वर्षं उमेदवारी झालेली होती.

लिहिता लिहिता डोळे भरून आले. असो.


कावड

@माळरान, फार सुंदर लिहिलंत.

दोन शंका. एक, त्र्यंबकेश्वरचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं असं आमच्या सहलीच्या गाइडने सांगितलं, ते खरं का? दोन, राघोबादादांना पाठवलेल्या त्या निरोपाचा प्रसंग नीट कुणी सांगेल का? नाटकात वगैरे बघितलाय, पण प्रत्यक्षात काय घडलं?


मोडीवाला

@कावड, त्र्यंबकेश्वरचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. भीमाशंकरच्या देवळाचं काम नाना फडणिसांचं. कुठलंही दगडी देऊळ दिसलं की "अहिल्याबाईंनी बांधलं" असं सांगायची सवय लागली आहे, तिच्याने बाईंचा मोठेपणा वाढत नाही आणि दुसऱ्याचं श्रेय जातं. ज्योतिर्लिंगांपैकी वेरूळला घृष्णेश्वराचं काम होळकरांच्या घरातल्या बायकांचं, सासू गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई. जवळचं शिवालय तीर्थ मुद्दाम पाहा, पायऱ्यांची रचना डोळ्यांत भरते.

राघोबांचा प्रसंग. मालेराव गेल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं की एखादं मूल दत्तक घ्यावं, म्हणजे कारभार आपोआप दिवाणाच्या हाती. बाईंनी साफ नकार दिला. एकाची बायको, दुसऱ्याची आई, तेव्हा वारस निवडायचा हक्क माझा, ही त्यांची भूमिका. चंद्रचूडांनी राघोबादादांना बोलावलं, दादा फौज घेऊन माळव्यात उतरले.

बाईंनी एकाच वेळी दोन आघाड्या उघडल्या. एकीकडे शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं आणि पुण्यात माधवराव पेशव्यांकडे दाद. दुसरीकडे लढाईची उघड तयारी. त्यांच्या आवडत्या हत्तीच्या अंबारीला चारही कोपऱ्यांवर धनुष्यं आणि बाणांचे भाते बांधून ठेवले होते, असं माल्कम लिहितो. माधवरावांनी चुलत्याला कळवलं की बाईंच्या वाटेला जाऊ नका. दादांनी मग मालेरावांच्या दुखवट्याला आलो असं सांगून प्रकरण आवरतं घेतलं. बायकोशी लढून हरलात तर तोंड कुठे लपवाल, हा निरोप लोकांच्या तोंडी फार रंगला आहे. मला त्यापेक्षा ती पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. तलवार बाहेर काढायच्या आत तिने अर्धी मराठेशाही आपल्या बाजूला उभी केली होती.

यानंतरची चाल तर फारच विचारपूर्वक. तुकोजी होळकरांना फौजेचं मुख्यपण दिलं. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हेत, पण त्यांच्या हाताखाली वाढलेले, वयाने बाईंपेक्षा थोडे मोठेच. तरी ते बाईंना आई म्हणत.


तोफखाना

सगळे भक्तिभावाने लिहितायत, मीही आदरानेच लिहितो, पण एक प्रश्न टाळता येत नाही.

पैसा महेश्वरात, फौज तुकोजींकडे. ही दुभागणी तीस वर्षं चालली आणि तिने होळकरांची लष्करी ताकद खच्ची केली. फौजेचे पगार थकायचे, तुकोजी मुलुखातून जमेल तसा वसूल करायचे, बाई त्यावर रागवायच्या, पत्रापत्री चालायची. तिकडे महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. होळकरांकडे तसं काही होईपर्यंत १७९२ उजाडलं. तेव्हा दुद्रनेक या फ्रेंचाला ठेवून चार पलटणी उभारल्या, आणि वर्षभरात लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेपुढे त्यांचा चुराडा झाला. दोन मराठी घराणी एकमेकांवर तोफा डागतात आणि बाई तेव्हा हयात आहेत. राज्यकर्ती म्हणून हे त्यांच्या खात्यावर मांडायचं की नाही?


नर्मदातीर

@तोफखाना, मांडायचं. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात दुखरं पान तेच. शिंद्यांशी तेढ शेवटी शेवटी त्यांना आवरता आली नाही.

पण दुभागणी त्यांना टाळता आली असती का, याचाही विचार करा. सरंजाम पेशव्यांचा. त्याच्या बदल्यात फौज घेऊन पुण्याच्या चाकरीला जाणं बांधील. १७७५ पासून इंग्रजांशी युद्ध जुंपलं, तुकोजी वर्षानुवर्षं दक्षिणेत. बाई स्वतः फौजेबरोबर गेल्या असत्या तर माळव्याचा कारभार कुणी पाहिला असता? बाकीच्या सरदारांची हीच रड होती. सरदार स्वारीवर, मुलुख कमाविसदारांच्या, म्हणजे वसुली अधिकाऱ्यांच्या, हवाली, आणि कमाविसदार वर्षा-दोन वर्षांनी बदलणारे, म्हणून मिळेल तेवढं ओरबाडणारे. बाईंकडे इंदूरचा कमाविसदार वीस वर्षांवर एकाच जागी होता, दिवाण गोविंदपंत गानूही तसेच. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच गावात वसूल घ्यायचा आहे, तो बी-बियाणाला हात लावत नाही.

लढायची वेळ आली तेव्हा त्या मऊ नव्हत्या. लालसोटच्या लढाईनंतर मराठ्यांची पत घसरल्याचं बघून रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा तुकोजींची वाट न पाहता महेश्वरातून फौज गेली आणि बंड मोडलं.

त्यांच्यामागे काय झालं तेही पाहा. १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या, दोन वर्षांनी तुकोजी. मुलांत भाऊबंदकी, १८०१ ला शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं, यशवंतरावांची धामधूम, मग पेंढारी. माळव्यात त्या वर्षांना "गर्दी का वक्त" म्हणत. माल्कमने चौकशी केली ती ही वर्षं सोसलेल्या लोकांकडे. बाईंविरुद्ध काही ऐकू येतं का म्हणून त्याने मुद्दाम विचारलं, तर कुणी वाकडा शब्द काढला नाही. गावं जळताना बघितलेली माणसं होती ती. शांतता म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.


मोडीवाला

हुकमांबद्दल राहिलं. बाईंच्या सनदांवर सहीच्या जागी "श्रीशंकर" असतं. राज्य शंकराचं, आपण त्याच्या वतीने चालवतो, ही भावना. महेश्वरच्या टाकसाळीच्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचं, रिवाजाप्रमाणे, आणि बाजूला शिवलिंग व बेलाचं पान. मी एक नाणं हातात घेऊन पाहिलंय. झिजून गुळगुळीत झालं होतं, पण तिरपं धरलं की बेलाची तिन्ही पानं दिसायची.

स्तुतीबद्दलही सांगतो. मोरोपंतांनी त्यांच्यावर आर्या लिहिल्या हे सगळ्यांना माहीत आहे. एका ब्राह्मणाने तर त्यांच्या गुणगानाचं अख्खं पुस्तक लिहून आणलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मी इतकी चांगली नाही म्हणाल्या, पुस्तक नर्मदेत टाकायला लावलं आणि पुढच्या कामाला लागल्या.


विणकरलेक

इतका वेळ नुसती वाचत होते.

कुणी मुक्ताबाईंचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाईंची एकुलती लेक. यशवंतराव फणशांना दिली होती, कारण चोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन असा बाईंचा शब्द होता आणि तो त्यांनी पाळला. आधी मुक्ताबाईंचा मुलगा गेला. १७९१ ला यशवंतराव. मुक्ताबाई सती जायला निघाल्या.

आईने पायाशी लोळण घेतली. मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणाली. मुलगी म्हणाली, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांनी तूही जाशील, मग मी कुणाच्या आधाराने मानाने जगू? अशा आशयाचं बोलणं झालं. बाई चितेपर्यंत गेल्या. दोघांनी दंड धरून उभं केलं होतं. मग तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही.

ज्यांच्या सासऱ्याने त्यांना चितेवरून मागे वळवलं, त्यांना स्वतःच्या लेकीला वळवता आलं नाही. मल्हाररावांनी सुनेला दौलतीचं काम दिलं होतं, जगायला कारण दिलं होतं. मुक्ताबाईंना तसं कुणी काही दिलं नव्हतं. एवढ्या बायकांची घरं यांनी राखली. देवीचंदाची बायको झाली. खरगोणच्या सावकारांच्या विधवा आपली दौलत बाईंना द्यायला आल्या, तर ती न घेता "तुमच्या हाताने लोकांच्या कामाला लावा" म्हणून परत पाठवलं, त्यातून कुंदा नदीला पायऱ्या झाल्या. आणि आपल्याच घरात हात रिकामे राहिले. तीन दिवसांनंतर त्या पुन्हा त्याच गादीवर येऊन बसल्या असतील. पहिली फिर्याद कुणाची ऐकली असेल?


तोफखाना

@विणकरलेक, हे वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.


निमाडी

मुक्ताबाईंसाठी बांधलेली छत्री महेश्वरला आहे. लोक अहिल्येश्वराच्या देवळापाशी फोटो काढतात आणि तसेच घाटावर उतरतात. पुढच्या वेळी कुणी आलात तर सांगा, दाखवीन.


माळरान

उन्हाळ्यात नांगर धरलेल्या माणसापाशी बाईंची माणसं जायची, औत थांबवून आधी बैलांना पाणी पाजायची. पाखरांनी खावं म्हणून त्या उभं पीक विकत घ्यायच्या. हेही माल्कमनेच नोंदवलंय ना? आजोबा सांगायचे, मला वाटायचं गोष्ट आहे.


नर्मदातीर

हो @माळरान, त्याच्याच नोंदींत आहे. बैलांचंही आणि पाखरांचंही. खासगीच्या थैलीतून.


कावड

आमच्या गावाबाहेर एक बारव आहे. लोक होळकरांची म्हणतात. @मोडीवाला यांचं वाचून धीर करून विचारतो, ती खरंच त्यांची आहे का हे कसं शोधायचं? गेल्या वर्षी आम्ही पंधरा-वीस जणांनी मिळून गाळ काढला. खाली सोळा पायऱ्या निघाल्या, एका कोनाड्यात गणपती निघाला. पाणी अजून गोड आहे.


मोडीवाला

आधी पायऱ्यांच्या वरच्या कमानीची आतली बाजू बघा, शिलालेख असला तर बहुधा तिथे किंवा कोनाड्याच्या वर असतो. चुना लावलेला असेल तर खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. लेख सापडला तर फोटो इथे टाका, मोडी असो की देवनागरी, मी वाचून देतो. नाही सापडला तर गावच्या जुन्या इनामपत्रांत बारवेच्या देखभालीची जमीन कुणाच्या नावे होती ते पाहू.


कावड

उद्या सकाळी जातो. कॅमेरा चार्जिंगला लावला.